बोंबील आणि सोन्याचं मांजर

पनवेलमध्ये माझी ओळख 'ढोरांची डॉक्टरीण' अशी होती. दवाखान्यावर पाटी चांगली रंगवून घेतली होती, तिच्यावर पदवीसुद्धा होती. पण कुणी पत्ता विचारला की रिक्षावाले म्हणायचे, "स्टँडच्या मागं, ढोरांच्या डॉक्टरणीकडं ना? बसा." पहिली काही वर्षं मला ते फार लागायचं. मग एकदा म्हैस अडलेल्या माणसाच्या तोंडून तोच शब्द इतक्या आर्जवानं ऐकला, की पदवीपेक्षा तोच बरा वाटायला लागला.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. सरकारी नोकरी सोडून मी हा गाळा घेतला तेव्हा माझ्याकडे येणारी माणसं बघण्यासारखी असत. एक गृहस्थ बैल दारात बांधून आत आले आणि विचारू लागले, "डॉक्टर कुठं आहेत?" मी म्हटलं, "मीच." तर म्हणे, "तसं नाही, बैलाचे डॉक्टर." शेळी दाखवायला आलेली एक आजी शेळीचं झालं की स्वतःची जीभ बाहेर काढायची, "आता जाता जाता माजी पन बगा." नव्या कॉलनीतले एक साहेब आपल्या पामेरियन कुत्र्याशी फक्त इंग्रजीतच बोलायचे, कारण त्याला म्हणे मराठी समजत नव्हतं. त्याला मी "गप बस" म्हटलं आणि तो मुकाट बसला, तेव्हा साहेबांचा चेहरा पडला.

आयुष्यातली सगळ्यात मोठी केस कोणती, असं मला कुणी विचारलं की त्यांना एखादा उधळलेला बैल किंवा साथीत वाचवलेला गोठा ऐकायचा असतो. ते सगळं केलं. पण छाती फुगवून सांगावीशी वाटते ती केस एका म्हाताऱ्या बोक्याची आहे.

पार्वतीबाय पनवेलजवळच्या करंजाड्याची. आगरी घर. नवरा, ज्याला सगळे आबा म्हणत, जन्मभर मिठागरात राबलेला. मुलगा दशरथ पनवेलला रिक्षा चालवायचा. सून सुगंधा घर सांभाळायची. पार्वतीबाय पहिल्यांदा आली ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. मला वाटलं, आज घरबसल्या मासळी मिळणार. तिनं पाटी टेबलावर उतरवली आणि वरचं फडकं बाजूला केलं तर आत एक हाडं वर आलेला बोका. रोडका, केस विस्कटलेले, पण नजर अजून जमीनदाराची.

"याचा नाव बोंबील," ती म्हणाली. "पिल्लू होता तवा बोंबलासारका बारीक होता म्हनून ठेवला. मंग असा फुगला का लोका हसायची, हा बोंबील का हलवा मासा? आता बगा, परत नावासारका झाला. खातो दोघांचा, पानी पितो बैलासारका, आन् अंगाला लागत नाय कायच."

मी बोक्याला जमिनीवर सोडलं. तो चालला, पण मागचे पाय पंजांवर न टेकता पार घोट्यापर्यंत जमिनीला टेकवत, उकिडवं बसून सरकल्यासारखा. ते बघितल्याबरोबर माझ्या मनात घंटा वाजली. मी विचारलं, "हा लघवीला कुठं जातो?"

"मागल्या दारी राखेचा घमेला हाय."

"तिथं मुंग्या येतात?"

पार्वतीबाय माझ्याकडे बघतच राहिली. "तुमाला कसा ठावं? रांगच लागते. सुगंधा म्हनते, घमेल्यान कोनी साकर सांडली का काय."

बोंबीलला मधुमेह झाला होता. माणसाला होतो तसाच तो म्हाताऱ्या, सुखवस्तू मांजरांनाही होतो. रक्तात साखर खूप, पण शरीराला ती वापरता येत नाही. म्हणून जनावर खातं आणि वाळतं. जास्तीची साखर लघवीतून जाते, तिच्याबरोबर पाणी जातं, म्हणून तहान लागते. आज हे वाचून कुणाला नवल वाटणार नाही. तेव्हा मी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितलं तर ते खो खो हसले. "मांजराला मधुमेह? मग उद्या कोंबडीला ब्लडप्रेशर!" इन्सुलिन आणायला गेले तर केमिस्टनं रीतसर विचारलं, "पेशंटचं नाव?" मी म्हटलं, "बोंबील." त्यानं मान वर न करता विचारलं, "आडनाव?"

हसणाऱ्यांना हसू दे, मला खरी अडचण निराळीच आली. मी पार्वतीबायला समजावलं की रोज सकाळ-संध्याकाळ अगदी थोडं इन्सुलिन टोचावं लागेल, घरीच, आणि ते मी तुम्हाला शिकवेन. ती सुरुवातीला मान डोलवत होती. सुई जवळून बघितली आणि तिचा हात मागे गेला.

"याच्यानं मरनार त नाय?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "बरोबर दिलं तर जगेल. जास्त झालं, किंवा उपाशीपोटी दिलं, तर साखर एकदम उतरते आणि जीवही जाऊ शकतो. नाही दिलं तर मात्र दोनेक महिन्यांत जाणार, हे नक्की."

ती खाली बसली. ती काय मोजत होती हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. ज्याच्या हातून मांजर मरतं त्याला सोन्याचं मांजर करून काशीला जाऊन दान द्यावं लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि मोठेपणी हसण्यावारी नेतो. पार्वतीबाय हसण्यावारी नेणाऱ्यातली नव्हती. हळूहळू तिनं सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं दार लोटलं आणि खाली एक पिल्लू चिरडलं. काशी कुठली आणि सोनं कुठलं! सासू म्हणाली, देवाला नारळ फोड. तिनं फोडला. त्यानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली.

"दशरथ झाला तो नवसाचा," ती म्हणाली. "तवापासून घरान येक मांजर पालतेच मी. फेडायसाठी. आता हा माज्या हातानं मेला तं? नाय टोचला आन् मेला तं देवानं नेला. टोचला आन् मेला तं मी मारला."

मी शास्त्र शिकलेली बाई. दार आणि गर्भपात यांचा संबंध नाही, हे मला चार वाक्यांत सांगता आलं असतं. पण तीस वर्षं उरात धरलेलं दुःख असं चार वाक्यांत उतरत नाही. मी एवढंच म्हटलं, "घरी विचार करा. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी गेले तर घरानं तोडगा काढलेला होता. सत्यनारायणाला नवरा पळी उचलतो तेव्हा बायको त्याच्या हाताला हात लावते. पुण्य दोघांत वाटलं जातं. पुण्य वाटता येतं तर पापही वाटता येईल, असा हिशेब आबांनी मांडला होता. दशरथनं सुई धरायची, सुगंधानं त्याच्या कोपराला हात लावायचा, आबांनी सुगंधाच्या खांद्याला आणि पार्वतीबायनं आबांच्या मनगटाला. "चौघांत आला तं येवढा येवढाच येईल," आबा म्हणाले. मिठागरातला माणूस, वाटे घालण्यात वाकबगार.

मी विचारलं, "मीही हात लावू का?"

"लावा ना," पार्वतीबाय म्हणाली. "तुमीच तं सांगितला."

पाचवा वाटा माझा. आमची ती साखळी कुणी पाहिली असती तर जादूटोण्याचा संशय घेतला असता. पण तिच्या टोकाला काम चोख झालं. सरावासाठी घरातल्या वांग्यांना आधी पाणी टोचून झालं होतं, त्यामुळे त्या दिवशीचं भरीत कुणाला गिळवेना. मांजरीण पिल्लाला उचलते ती मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, तिचा तंबू होतो, त्या तंबूत सुई. इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून हलकेच घोळवायची. घरात फ्रिज नव्हता, म्हणून ती माठाच्या ओल्या वाळूत ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम मी त्यांच्याकडून घोकून घेतला: आधी ताटली, मग सुई. बोंबीलनं ताटलीत तोंड घातलं की टोचायचं. सुई दिल्यावर तो झिंगल्यासारखा चालला, पडला, तर गूळ पाण्यात घट्ट कालवायचा आणि बोटानं हिरड्यांना चोळायचा. तोंडात ओतायचा नाही, ठसका लागेल.

लघवीतली साखर बघायची युक्ती तेव्हा साधी होती. केमिस्टकडे एक निळं औषध मिळायचं. त्यात लघवीचे काही थेंब टाकून उकळलं की रंग पालटतो. निळा राहिला तर उत्तम, हिरवा चालेल, पिवळा वाईट, विटकरी म्हणजे पार बिघडलं. पण मांजराची लघवी धरायची कशी? राखेत ती जिरून जाते. मी राखेऐवजी धुतलेली बारीक खडी घालायला सांगितली. करंजाड्याच्या आसपास तेव्हा प्लॉट पाडत होते, खडीला काय तोटा! घमेलं कलतं केलं की हवं तेवढं हाती येई. हे खातं सुगंधाकडे होतं आणि निरोपाचं दशरथकडे. तो भरल्या रिक्षेतून दवाखान्यासमोरून जाताना वेग कमी करून ओरडायचा, "डॉक्टरीणबाय, हिरवाऽ!" आतली सवारी दचकायची. शेजारच्या पानवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की हा मटक्याचा आकडा आहे, एक दिवस तो मला हळूच विचारून गेला, "बाई, हिरव्यावर काय लागतं?"

विटकरीवरून पिवळा, पिवळ्यावरून हिरवा, असं करत बोंबील पंजांवर उभा राहिला. मी तेव्हा आरशात बघून स्वतःला शाबासकी दिली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

त्याच सुमाराला माझ्या एक लक्षात आलं. पार्वतीबायच्या कानांत आधी सोन्याच्या कुड्या असायच्या. त्या जाऊन कडुलिंबाच्या काड्या आल्या होत्या. भोकं बुजू नयेत म्हणून बायका घालतात तशा. घरात काही नड असेल, असं मला वाटलं. कानाच्या काड्यांबद्दल बाईला कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मग श्रावण आला. त्या घरात श्रावणात मासळी शिजत नसे. बोंबीलपुरता सुका जवळा मागल्या दारी भाजत, एवढी सूट मी मिळवली होती. पण पहिल्या सोमवारी घरात कडक उपास. जवळ्याचा वाससुद्धा नको म्हणून सुगंधानं त्याच्यापुढे दूधभात ठेवला. त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं. पुन्हा ठेवला, पुन्हा फिरवलं. शेजारीण म्हणाली, "अगो, बोंबीलनं पन सोमवार धरला!" झालं. सगळ्या आळीला कौतुक. दोघी-तिघी त्याला नमस्कार करून गेल्या. आता उपाशी बोक्याला सुई द्यायची की नाही? सुगंधा अडली. पण औषधानं उपास मोडत नाही, हे आपल्याकडचं पोरसुद्धा सांगेल. आबा वाताची गोळी घेतच होते की! चौघांनी एकमेकांना हात लावले आणि मोठ्या भक्तिभावानं बोंबीलला सुई टोचली. आजवर मी उपचारातल्या पुष्कळ चुका पाहिल्या, पण इतकी धार्मिक चूक पाहिली नाही.

दुपारी पार्वतीबाय पाटी घेऊन दवाखान्यात आली ती शेजाऱ्याच्या टेम्पोतून. केस सुटलेले, पदर गुळानं चिकट झालेला. दशरथ रिक्षेवर होता, सुगंधा आबांना घेऊन देवळात गेली होती. ही घरात एकटी, आणि बोंबील ओट्यावरून खाली पडला. पाय झाडायला लागला, मग तेही थांबलं.

मी पाटीत हात घातला. बोंबील गार होता, पण डोळे उघडे होते, आणि तो माझ्या बोटाकडे बघत होता. हिरड्या गुळानं माखलेल्या. मी लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. पण खरं सांगते, जीव मी वाचवला नाही. तो पाटीत शिरण्याआधीच वाचला होता. गुळाशिवाय तो स्टँडपर्यंतही पोचला नसता.

"कोणी चोळला गूळ?" मी विचारलं.

पार्वतीबायनं उजव्या हाताचं बोट वर केलं. त्यावर दातांच्या खुणा होत्या, रक्त येत होतं. "मीच. येकटीनं. कोनाचाच हात नवता."

मी तिच्या बोटाला औषध लावलं. ती सारखी बोंबीलकडे बघत होती. थोड्या वेळानं त्यानं मान उचलली आणि मिशा चाटल्या. "आता याला खायला पाहिजे," मी म्हटलं. "मासळीच हवी, दुसरं तो खाणार नाही." आणि लगेच जीभ चावली, श्रावणी सोमवारी उपाशी बाईपुढे काय बोलतेय मी!

ती उठली आणि तडक बाहेर गेली. मला वाटलं, रागावली. ती गेली होती मासळी बाजारात. श्रावणातला बाजार, मोजक्या पाट्या, आणि त्यात ही उपासाची बाई भाव करतेय. मावरं विकणाऱ्या बायकांनी तिला हसून घेतलं असणारच. ती मांदेली घेऊन आली, माझ्याच टेबलावर नखांनी साफ केली आणि बोंबीलपुढे ठेवली. त्यानं मान मोडून खाल्ली.

"सोमवार मोडला की हो तुमचा," मी म्हटलं.

"माजा क्याला मोडल? मी खाल्ला नाय," ती म्हणाली. "आन् शंकराच्या गल्यान साप हाय, तो काय साबुदाना खातो?"

मग पाटी उचलता उचलता म्हणाली, "उद्यापासून सुई मी टोचनार. ज्या हातानं उठवला त्यानं टोचला तं काय बिगरतंय?"

ती साखळी त्या दिवशी सुटली. पुढे तीन श्रावण बोंबील जगला, दर सोमवारी मागल्या दारच्या वेगळ्या चुलीवर भाजलेली मासळी खाऊन. पार्वतीबायचा हात असा तयार झाला की खाताना बोंबीलचे कानसुद्धा हलायचे नाहीत. माझे ते हसणारे सहकारी, त्यांनीच पुढे एकदा नव्या कॉलनीतल्या एका बाईंना त्यांच्या मांजरीला घेऊन माझ्याकडे पाठवलं. "तुमचं ते कोंबडीचं ब्लडप्रेशरवालं खातं," अशी चिठ्ठीही दिली. त्या बाईंनी सुई हातात घेतली आणि परत ठेवून दिली. मी पार्वतीबायला बोलावून घेतलं. तिनं त्यांना दाखवलं, मग सुई त्यांच्या हाती दिली आणि आपलं बोट त्यांच्या कोपराला टेकवलं. "टोचा तुमी. मी हाय ना." मी बाजूला उभी राहून बघत होते. पदवी घेतली त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

खंत आहे ती एकच. बोंबीलच्या आधी किती म्हातारी मांजरं "वाळून मेली" म्हणून राखेच्या ढिगाशेजारी पुरली गेली असतील, आणि त्या ढिगावर मुंग्यांची रांग असेल. कुणाला कळलंच नाही.

शेवटच्या हिवाळ्यात बोंबीलची मूत्रपिंडं थकली. खाणं सुटलं, तसं मी इन्सुलिन कमी केलं आणि मग बंदच केलं. त्यानंतर आठवड्याभरानं तो दुपारच्या उन्हात पार्वतीबायच्या मांडीवर गेला. मी पोचले तेव्हा ती त्याला तसाच धरून बसली होती.

"खरा सांगा," ती म्हणाली. "सुईनं गेला का?"

"नाही पार्वतीबाय. सुई तर केव्हाच बंद केली होती. म्हातारपणानं गेला. सुईनं तो एवढा जगला."

तिनं माझ्या डोळ्यांत नीट बघून घेतलं, मी खरं बोलतेय ना ते. मग मान हलवली.

पुढे काही दिवसांनी ती दवाखान्यात आली. पहिल्यांदाच डोक्यावर पाटी नव्हती. पदराची गाठ सोडून तिनं टेबलावर दोन सोन्याच्या कुड्या ठेवल्या. मला वाटलं, माझी फी द्यायला निघाली ही. मी हात जोडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पयली सुई दिली त्या दिवशी काढून ठेवल्या होत्या, देवाजवल. माज्या हातानं गेलाच तं याचाच मांजर करायचा होता. त्या टायमाला सोना नवता. या टायमाला काढून तयार ठेवला."

इतकी वर्षं मी त्या काड्यांकडे बघत होते.

"आता नाय लागत," ती म्हणाली. "तुमीच घाला माज्या कानान."

तिनं काड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. मी कुडी घालायला गेले, तर भोक आतून बारीक झालेलं. जरा जोर लावावा लागला.

"आयऽ गं!" ती ओरडली. "सावकास! सुई टोचताय का काय?"

मी थांबले. ती कान धरून हसत होती, आणि डोळे भरून आले होते.

"बोंबील येकदा पन ओरडला नाय हो," पार्वतीबाय म्हणाली आणि दुसरा कान पुढे केला.